चिठ्ठी आणि गठ्ठा

"वरून पुसलं त खालचं राहील का?"

मामांचा प्रश्न साधा होता आणि तो यायच्या आधीचे दोन दिवस मी त्याचं उत्तर मनातल्या मनात टाळत होतो. दिवाळीला पुण्याहून पिंपळगाव राजाला गेलो होतो. मागच्या खोलीत पहिल्या वेचणीचा कापूस पडलेला, ओसरीत सोयाबीनची पोती एकावर एक रचलेली, आणि पोत्यांच्या शेजारी टेबलावर मामांचा जुना संगणक. त्यावर मी मागच्या दिवाळीत एक व्यवस्था लावून दिली होती. जीमेलमधलं प्रत्येक पत्र घरातल्या डिस्कवर उतरायचं आणि जीमेलमध्ये त्याला लावलेली लेबलं इथे टॅग म्हणून उमटायची. शेतात उभ्या उभ्या मोबाइलवर लेबल लावलं तर घरी ते दिसावं, घरी बसून टॅग लावला तर तो मोबाइलवर जावा. दोन्हीकडून ये-जा.

मामांची नोकरी महसूल खात्यात झाली. अव्वल कारकून म्हणून ते निवृत्त झाले आणि त्याआधी बरीच वर्षं रेकॉर्ड रूमची किल्ली त्यांच्या खिशात असे. कुठला कागद कुठे आहे हे त्यांना अंधारात विचारलं तरी सांगता यायचं. त्यामुळे माझ्या व्यवस्थेवर पहिली हरकत त्यांनी, मी ती लावली त्याच दिवशी घेतली होती.

"एक कागद, एक गठ्ठा. तूनं एकाच पत्राले तीन चिठ्ठ्या लावल्या. मंग ते ठेवलं कुठं?"

"एकाच जागी ठेवलंय. चिठ्ठ्या तीन आहेत."

"अन् गठ्ठा?"

"गठ्ठाच नाही, मामा."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं ज्याच्यावर हात ठेवून काम केलं तो गठ्ठाच नाही, हे ऐकायला त्यांना जड गेलं असणार.

१ एप्रिल २००४ ला जीमेल आलं ते फोल्डर बाजूला सारून. पत्र एकच, त्याला हवी तेवढी लेबलं. पीकविम्याच्या तक्रारीची पोच घ्या. ती 'पीक विमा' आहे, 'सोयाबीन' आहे आणि नाल्याकाठच्या वावराचीही आहे. फोल्डर असता तर तिघांतलं एक निवडून बाकी दोन नाती तोडावी लागली असती. गठ्ठ्याची अडचण मामांनाही ठाऊक होती. एका प्रकरणातला कागद दुसऱ्यालाही लागत असेल तर ते त्याची प्रत काढून तिकडे लावत आणि मूळ कागद कुठे आहे ते प्रतीवर लाल शाईनं लिहीत. लेबल म्हणजे ती लाल शाई, प्रत काढण्याच्या खटाटोपाशिवाय. हे मी सांगितलं तेव्हा ते "हूं" म्हणाले. त्यांच्या तोंडचा हूं म्हणजे मुद्दा नोंदवला, मान्य केलेला नाही.

पत्रं घरी उतरवताना मात्र गठ्ठा मागच्या दारानं परत येतो. आयमॅप ही पत्रं आणायची रीत १९८६ पासूनची आहे आणि ती फोल्डरच्याच हिशोबानं चालते. जीमेल आपली लेबलं तिला फोल्डर म्हणून दाखवतं. तीन लेबलांचं पत्र तीन फोल्डरांत दिसतं, शिवाय 'ऑल मेल'मध्ये चौथ्यांदा. डिस्कवर एकाच पत्राच्या चार प्रती येतात. मी पहिल्यांदा असंच केलं होतं. वर आणखी एक खोडी निघाली. 'पीक विमा' हे नाव डिस्कवर आलं ते अँडच्या चिन्हानं सुरू होणाऱ्या इंग्रजी अक्षरांच्या गिचमिडीत, कारण जुन्या आयमॅपमध्ये फोल्डरच्या नावाला देवनागरी थेट चालत नाही, ती सांकेतिक रूपात गुंडाळून पाठवावी लागते. मामांनी ते नाव पाहून विचारलं होतं, "हा कोनता विभाग?"

म्हणून मी नॉटमच नावाच्या साधनाकडे वळलो. २००९ मध्ये कार्ल वर्थ या प्रोग्रामरनं ते सुरू केलं. प्रत्येक पत्राची एक फाइल, तिला कधी हात लावायचा नाही. शोध आणि टॅग यांची सूची वेगळी ठेवायची. नेट बंद असो, त्या सूचीतून पंधरा वर्षांतलं पत्र डोळ्याचं पातं लवेपर्यंत समोर येतं. त्याला जीमेलशी जोडायला लियर नावाचं छोटं साधन आहे. ते आयमॅपच्या वाटेला जात नाही. जीमेलनं प्रोग्रामसाठी जे वेगळं दार ठेवलंय त्यातून जातं, प्रत्येक पत्र एकदाच आणतं आणि त्याची लेबलं टॅग म्हणून चिकटवतं. न वाचलेलं, तारा लावलेलं, इनबॉक्समधलं, सगळ्याच्या जोड्या ठरलेल्या आहेत. हुकूम दिला की आधी घरचे बदल वर ढकलले जातात, मग वरचे खाली ओढले जातात. मधल्या काळात एखाद्या पत्राची लेबलं वरही बदलली असतील तर ढकलताना ते पत्र वगळलं जातं आणि खाली येतं ते वरचंच रूप.

"म्हंजे भांडण झालं त वरचा जिंकते," मामा म्हणाले.

"आपण जबरदस्ती केली नाही तर, हो."

"हे मले आवडलं नाई."

एक गोष्ट मात्र त्यांना मनापासून आवडली. प्रत्येक ईमेलवर पाठवणाऱ्याच्या बाजूनं एक क्रमांक पडतो, मेसेज-आयडी, आणि पत्र कुठेही गेलं तरी तो बदलत नाही. शिवाय जीमेल आपल्याकडे आलेल्या प्रत्येक पत्राला स्वतःचा वेगळा क्रमांक देतं. लियर जीमेलच्या क्रमांकावर चालतं, नॉटमच मेसेज-आयडीवर. मी हे समजावत होतो तर मामांनी मला मध्येच थांबवलं. "अरे, एक जावक क्रमांक अन् एक आवक क्रमांक. एवढं इंग्रजी कायले बोलून रायला?" मला यापेक्षा नेमकं कुणी सांगितलेलं नाही. एकच पत्र दोन वाटांनी आलं तर आवक दोन, जावक एक. नॉटमच त्यांना एकच पत्र धरतं आणि दोघांचे टॅग एकत्र करतं. आवक-जावक नोंदवही लिहिलेल्या माणसाला हे पहिल्या वाक्यात कळलं.

यंदाच्या पावसाळ्यात जे झालं ते आता सांगतो.

जुलैत दोन दिवस पाऊस थांबलाच नाही. नाल्याकाठचं सोयाबीन पाण्यात उभं होतं. पीकविम्यात अशा नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यायची होती. मामांनी दिली. शेजारच्या मुलाच्या मोबाइलवर फोटो काढून घेतले आणि त्यानं ते मामांना मेल केले. पुढे ऑगस्टमध्ये मामांचं खातं भरलं. फुकटात मिळणारी जागा १५ जीबी, तीही मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांत मिळून. ती भरली की नवी पत्रं यायची थांबतात. मी पुण्यात बसून त्यांच्या परवानगीनं खातं उघडलं, मोठ्या जोडपत्रांची पत्रं शोधली आणि पुसली. कचरापेटीत ती ३० दिवस राहिली असती, पण जागा लगेच हवी होती म्हणून पेटीही रिकामी केली. मनात म्हटलं, घरी प्रत आहेच.

घरी प्रत नव्हती. वर कायमचं पुसलेलं पत्र पुढच्या फेरीत लियर खालूनही काढून टाकतं. त्याचं कामच वर आणि खाली सारखं ठेवणं. मागच्या दिवाळीत मी सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवलं होतं, त्यामुळे तोवरची मोठी पत्रं वाचली. जुलैचे फोटो मधल्या काळातले होते. शेजारच्या मुलानं मोबाइल बदलला होता.

मामा चिडले नाहीत. दोन दिवस 'जुलै' आणि 'सोयाबीन' असं शोधत राहिले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी तो प्रश्न विचारला. मी सांगितलं, "नाही. राहत नाही."

"मंग ह्याले रेकॉर्ड कावून म्हनतो?"

मग आमचा खरा वाद झाला. दुपारचं जेवण होऊन गेलं तरी तो चालूच होता.

मामांचं म्हणणं: "टेबल येगळं, रेकॉर्ड रूम येगळी. टेबलावरचा बाबू कागद फिरवते, शेरा मारते, खोडते, पुन्हा लिहिते. ते त्याचं काम हाये. पन रेकॉर्ड रूममधी कागद गेला की त्याले हात लावाले अर्ज लागते, सही लागते. मधी भिंत असते. तूनं ते भिंतच पाडली. वरतं कोनी बोट लावलं की माह्या घरचा कागद गायब."

मी म्हणालो, "भिंतीमुळे लोकांना कागद मिळत नव्हते ते तुम्हीच सांगता. मागच्या खरिपातल्या तक्रारीचा क्रमांक मागितला गेला तेव्हा तुम्ही वावरात होता. घरी लावलेला टॅग मोबाइलवर होता म्हणून एका मिनिटात सापडला. एकतर्फी ठेवलं असतं तर तुम्हाला घरी यावं लागलं असतं."

"आलो असतो."

"आणि दोन्हीकडे वेगवेगळी लेबलं झाली असती. वर एक, खाली एक. कुठलं खरं?"

"दोन्ही खरे. टेबलाचं टेबलाच्या जागी, रेकॉर्डचं रेकॉर्डच्या जागी."

मला तेव्हा हे टाळाटाळीचं उत्तर वाटलं. रात्री पडल्या पडल्या लक्षात आलं की माझ्या सगळ्या मांडणीतली चूक त्यांनी एका वाक्यात दाखवली होती. मी सगळ्या खुणा एकाच जातीच्या समजत होतो.

सकाळी मी त्यांना सहा गठ्ठ्यांबद्दल विचारलं. महाराष्ट्रातल्या सरकारी कचेरीत प्रत्येक टेबलाचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायची रीत आहे. मामांनी बोटांवर मोजले: निपटाऱ्याची प्रकरणं, उत्तराची वाट पाहणारी म्हणजे प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि शेवटी नष्ट करायची. हे गठ्ठे रोज बदलतात. आज प्रतीक्षाधीन असलेलं उद्या निपटाऱ्यात येतं. पण कागद अभिलेख कक्षात निघाला की त्यावर वेगळीच खूण पडते, अ, ब, क, ड. 'अ' म्हणजे कायम. 'ब' ३० वर्षं. 'ड' वर्षभरात नष्ट.

"ते अक्षर कोन टाकते?" मी विचारलं.

"ज्यानं प्रकरन संपवलं तो. पूर्ण वाचून. अन् मंग ते अक्षर कोनी बदलत नाई."

सहा गठ्ठे म्हणजे चालू कामाच्या खुणा आणि अ-ब-क-ड म्हणजे जतनाचा निर्णय. पहिल्या खुणा दोन्हीकडे सारख्या असल्याच पाहिजेत, नाहीतर काम अडतं. दुसरी खूण वरच्या कुठल्याही बोटाच्या आवाक्यात असता कामा नये. लियरमध्ये याची सोय आहेच, मीच ती वापरली नव्हती. ठरावीक टॅग फक्त घरचे, ते वर ढकलायचे नाहीत आणि वरून काही आलं तरी त्यांना धक्का लावायचा नाही, असं सांगून ठेवता येतं. मी अ, ब, क, ड हे चार टॅग तसे घातले. आणि 'अ' लागलेलं पत्र त्याच रात्री लियरच्या हाताबाहेरच्या दुसऱ्या फोल्डरात उतरावं, अशी चार ओळींची आज्ञा लिहिली. तिथून काही पुसायचं तर माणसानं मुद्दाम जाऊन पुसावं लागेल. भिंत परत उभी राहिली, दार मात्र ठेवलं.

मामांनी दोन दिवस बसून पत्रं वाचली आणि अक्षरं टाकली. मी असतो तर शोध लावून एका झटक्यात पाचशे पत्रांना 'ड' मारलं असतं. त्यांनी प्रत्येक पत्र उघडलं. बँकेच्या एका जाहिरातीखाली त्यांना जुन्या कर्जाच्या व्याजदराची ओळ सापडली आणि ते पत्र 'ब' झालं.

मधेच एक लहानसा घोळ निघाला. 'पिक विमा' आणि 'पीक विमा' अशी दोन लेबलं होती, एक माझं, एक त्यांचं. संगणकाला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, त्याच्या लेखी ही दोन परकी नावं. मी म्हटलं, एक करून टाकू. मामांनी होकार दिला, पण आधी वहीत लिहून घेतलं की अमुक तारखेला दोन नावं होती. मला तेव्हा हा अतिरेक वाटला.

आता वाटत नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद कापडात बांधलेल्या रुमालांत आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापले. ती निवड आणि मांडणी त्यांची. कामाला ती फार सोयीची आहे, तरी अभ्यासकाला रुमालाकडे जावं लागतंच, कारण कुठला कागद कुठल्या कागदाला चिकटून होता हे छापलेल्या खंडात नसतं. मूळ बांधणी हीदेखील माहिती असते. लेबलही तसंच. ते पत्राबद्दल सांगतं तितकंच लावणाऱ्याबद्दल सांगतं.

निघायच्या आदल्या रात्री मामांनी मला दुसरं खातं उघडायला सांगितलं. मामीचं.

मामी जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्या शाळेत शिकवत. मुलगी परदेशी गेल्यावर हट्टानं ईमेल शिकल्या आणि मग रात्री जेवणं झाली की ओसरीत बसून तिला लिहीत. दोन वर्षं वापर नसलेली वैयक्तिक खाती गूगल काढून टाकू शकतं. २०२३ मध्ये तसं जाहीर झालं आणि त्या डिसेंबरपासून ते लागूही झालं. मामांना हे कुणीतरी सांगितलं होतं. पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर होता, मामीच्या अक्षरात.

मी वेगळा फोल्डर केला आणि पहिली फेरी सुरू केली. या खात्यावर फक्त ओढायचं, ढकलायचं काहीच नाही, हे मामांनी सांगायच्या आधीच मी ठरवलं होतं. पत्रं उतरली. मग लेबलांची यादी आली. 'नातू'. 'शाळा'. 'दवाखाना'. 'पापड-कुरडया'. आणि 'उत्तर द्यायचं'. त्यात अकरा पत्रं.

मी सवयीनं बोललो. "हे चालू कामाचं लेबल आहे. प्रतीक्षाधीन. आता याला अर्थ नाही, काढून टाकतो, बाकीची ठेवू."

मामा बराच वेळ पडद्याकडे पाहत होते. "हे तिनं लावलं हाये."

"हो, पण उत्तर तर आता..."

"म्हनूनच. ते 'अ' मधी टाक. पत्र नाई. चिठ्ठी."

माझी एवढी मेहनतीनं केलेली विभागणी, रोजच्या खुणा एकीकडे आणि कायमच्या एकीकडे, त्या एका लेबलापाशी अडली. टॅगला टॅग लावायची सोय यांतल्या कुठल्याच साधनात नाही. मी काय करू शकत होतो ते केलं. नॉटमचला सगळ्या टॅगांची यादी साध्या मजकुरात लिहून काढायला सांगता येतं, एका ओळीत एका पत्राचे टॅग आणि पुढे त्याचा मेसेज-आयडी. ती यादी छापून मामांच्या हातात दिली तर तिच्यात देवनागरी नव्हतीच. प्रत्येक अक्षर टक्क्याच्या चिन्हांत आणि आकड्यांत फोडलेलं. 'उत्तर' या एका शब्दाची ४५ चिन्हं.

"हे कोन वाचन?" मामा म्हणाले.

मग रात्री अकराला बसून मी ती चिन्हं परत अक्षरांत उलटवणारा प्रोग्राम लिहिला. लाइट एकदा गेली, परत आली. बारा वाजता छपाई झाली. अकरा ओळी, प्रत्येकीच्या सुरुवातीला 'उत्तर द्यायचं', पुढे जावक क्रमांक, पुढे तारीख आणि पाठवणाऱ्याचं नाव. सात मुलीची होती. तीन जुन्या विद्यार्थ्यांची. एक माझं, कुरडईचा चीक किती शिजवायचा म्हणून विचारलेलं.

मामांनी कागदाच्या उजव्या कोपऱ्यात लाल शाईनं 'अ' लिहिलं, खाली तारीख टाकली आणि सही केली.